दर्शनापासून स्वाध्यायापर्यंत : मूडबिद्रीच्या सिद्धांत-ग्रंथांची कथा

ज्येष्ठ शुद्ध पंचमीला आपण श्रुतपंचमी साजरी करतो. त्या दिवशी मंदिरातील ग्रंथांची वेष्टने बदलली जातात, शास्त्रांची पूजा होते, कोठे पालखीही निघते. आचार्य पुष्पदंत आणि आचार्य भूतबली यांनी रचलेला ‘षट्खंडागम’ पुस्तकारूढ झाला आणि चतुर्विध संघाने त्याची पूजा केली, तो हा दिवस. ज्या आगमाच्या नावे हे पर्व पिढ्यान्‌पिढ्या चालत आले, तो आगम मात्र कित्येक शतके कोणाच्या वाचनात नव्हता, ही गोष्ट आजच्या तरुण पिढीला ठाऊक नसते. पूजा चालू होती, स्वाध्याय थांबला होता. तो पुन्हा कसा सुरू झाला, याचा इतिहास समाजबांधवांपुढे ठेवावा, असे वाटते.

आरंभीची कथा सर्वश्रुत आहे, पण तिच्यातील एका प्रसंगाकडे आपले पुरेसे लक्ष जात नाही. गिरनारच्या चंद्रगुफेत आचार्य धरसेन वृद्धावस्थेत होते. आपल्याबरोबरच हे ज्ञान लुप्त होईल, ही त्यांना चिंता. दक्षिणापथाच्या आचार्यांकडे त्यांनी पत्र पाठविले आणि दोन मुनी त्यांच्याकडे आले. आचार्यांनी त्यांची परीक्षा घेण्यासाठी दोघांना एकेक विद्या दिली. एकीच्या मंत्रात एक अक्षर कमी होते, दुसरीच्या मंत्रात एक अधिक. दोन दिवसांच्या उपवासानंतर विद्या सिद्ध झाल्या, तेव्हा एक देवी दात पुढे आलेली, तर दुसरी एकाक्षी दिसली. देवतांचे स्वरूप असे विकृत नसते, हे जाणून दोघांनी मंत्र व्याकरणाने तपासले, चुकीचे अक्षर दुरुस्त केले आणि पुन्हा साधना केली. गुरूंनी दिलेले अक्षरही डोळे मिटून न घोकता पारखून घेणारे शिष्य मिळाले, म्हणून धरसेनाचार्य संतुष्ट झाले. शिवाय जे ज्ञान तोवर मुखोद्गत परंपरेने येत होते ते लिहून काढणे, हेच त्या काळी केवढे नवे पाऊल होते!

या आगमावर आचार्य वीरसेनांनी ‘धवला’ ही ७२ हजार श्लोकप्रमाण टीका लिहिली. प्रा. हीरालाल जैन यांच्या कालनिर्णयानुसार ती इ. स. ८१६ मध्ये पूर्ण झाली. गुणधराचार्यांच्या ‘कसायपाहुडा’वरील ‘जयधवला’ टीका वीरसेनांनी आरंभिली आणि त्यांचे शिष्य जिनसेन यांनी ८३७ मध्ये पूर्ण केली. षट्खंडागमाचा सहावा खंड ‘महाबंध’ हा ‘महाधवल’ या नावाने ओळखला जातो. दहाव्या शतकात नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्तींनी या विषयाचे सार ‘गोम्मटसारा’त आणले. ते इतके उत्तम साधले की अभ्यासकांना मुळाकडे जाण्याची निकड उरली नाही. प्रती होणे थांबले. अखेर ताडपत्रावरील जुन्या कन्नड लिपीतील प्रती दक्षिण कर्नाटकातील मूडबिद्री येथे तेवढ्या राहिल्या. यांपैकी महाबंधाची प्रत मल्लिकादेवी या श्राविकेने श्रीपंचमी व्रताच्या उद्यापनानिमित्त लिहवून घेतली होती, हे येथे आवर्जून नोंदवावेसे वाटते.

या ग्रंथांमुळे तेथील मंदिराला ‘सिद्धांत बसदी’ हे नाव पडले. भट्टारक आणि पंच यांच्या अनुमतीने यात्रेकरूंना रत्नप्रतिमांबरोबर या ग्रंथांचेही दर्शन घडे. दर्शन, वाचन नव्हे. वेष्टन सोडले जाई, भाविक हात जोडत, वेष्टन पुन्हा बांधले जाई. वसुनंदींच्या श्रावकाचारात देशविरत श्रावकाला सिद्धांत-रहस्याच्या अध्ययनाचा अधिकार नाही असे म्हटले आहे, त्याचा आधार या व्यवहाराला होता. ज्या काळी मुनिसंघ विरळ झाले, त्या काळी या नियमाचा अर्थ ‘कोणीच वाचू नये’ असा झाला. आणि काही पिढ्या लोटल्यावर नियमाचीही गरज उरली नाही, कारण ती लिपी आणि ती प्राकृत वाचू शकणारेच उरले नाहीत.

१८८३ मध्ये मुंबईचे दानवीर सेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी संघासह मूडबिद्रीला गेले. जीर्ण होत चाललेली ताडपत्रे पाहून त्यांनी साधा प्रश्न विचारला : हे वाचते कोण? श्रवणबेळगोळचे ब्रह्मसूरी शास्त्री वाचू शकतात, एवढेच उत्तर मिळाले. माणिकचंदांनी सोलापूरला आपले स्नेही सेठ हिराचंद नेमचंद दोशी यांना हे कळविले. पुढच्याच वर्षी हिराचंद ब्रह्मसूरी शास्त्रींना घेऊन मूडबिद्रीला पोहोचले आणि शास्त्रींनी धवलेचे मंगलाचरण वाचून दाखविले. इतक्या शतकांच्या मौनानंतर ते शब्द ऐकताना हिराचंदांच्या मनाची काय अवस्था झाली असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

हिराचंद नेमचंद हे ‘जैन बोधक’ मासिकाचे संस्थापक, आणि छापखान्याचे पुरस्कर्ते. त्या काळी दिगंबर समाजात शास्त्र छापण्याला किती विरोध होता, हे आज सांगूनही खरे वाटत नाही. छापील शास्त्र वाचणार नाही, अशी प्रतिज्ञा लोक घेत. मंदिरात छापील ग्रंथ येऊ देत नसत. आक्षेप अगदीच निराधार नव्हते. शाईचे रूळ सरेसाचे असत आणि सरेस प्राण्यांच्या कातड्या-हाडांपासून होतो; अहिंसाधर्मीयांना ते खुपणे स्वाभाविक होते. वाया गेलेले कागद पायदळी येतील, जिनवाणीचा अविनय होईल, ही भीतीही खरी होती. पण या आक्षेपांच्या तळाशी आणखी एक भय होते आणि ते कोणी उघड बोलत नसे. हस्तलिखित कोणाला द्यायचे ते मंदिराच्या हाती असते. छापलेले पुस्तक कोणाच्या हाती पडेल आणि तो त्यातून काय अर्थ काढील, ते कोणाच्याच हाती राहत नाही.

ग्रंथांची नक्कल करून घेण्यास मूडबिद्रीची संमती मिळविण्यात वर्षे गेली. अखेर माणिकचंद आणि हिराचंद यांनी समाजातून निधी जमविला आणि १८९६ च्या सुमारास काम सुरू झाले. ब्रह्मसूरी शास्त्री आणि मिरजेचे गजपती उपाध्याय यांनी नागरी लिपीत प्रती करण्यास आरंभ केला. ब्रह्मसूरी शास्त्री मध्येच निवर्तले. गजपतींनी काम पुढे चालविले. कन्नड प्रती अन्य पंडितांनी केल्या. महाबंध धरून सर्व काम संपायला १९२२ साल उजाडले. २६ वर्षे आणि सुमारे २० हजार रुपये खर्च झाले. मात्र या प्रती मूडबिद्रीतच राहाव्यात, बाहेर जाऊ नयेत, असे तेथील धुरीणांचे म्हणणे होते. म्हणजे एका पेटीतले ग्रंथ दुसऱ्या पेटीत गेले!

यापुढे जे घडले, त्याविषयी आपल्या समाजात आजही दोन मते आढळतात. गजपती उपाध्याय मूडबिद्रीत दिवसा नागरी प्रत करीत होते. त्याच काळात घरी त्यांच्या विदुषी पत्नी लक्ष्मीबाई यांच्या साहाय्याने त्यांनी धवला-जयधवलेची एक कन्नड प्रत गुप्तपणे तयार केली. ती घेऊन ते प्रथम सोलापूरला हिराचंदांकडे आले. या ग्रंथांसाठी ज्यांनी आयुष्याची इतकी वर्षे वेचली, त्या हिराचंदांनी ती प्रत ठेवून घेण्यास नकार दिला. संमतीवाचून आलेली वस्तू त्यांना नको होती. श्रावकाच्या अणुव्रतांत अचौर्य आहे, आणि हिराचंद ते फक्त वाचणारे नव्हते. मग गजपती उत्तरेत गेले. सहारनपूरच्या लाला जंबूप्रसाद यांनी ती प्रत घेतली आणि आपल्या मंदिरात विराजमान केली.

पण तेथे कन्नड लिपी कोण वाचणार? तेव्हा पंडित विजयचंद्रय्या यांनी वाचावे आणि पंडित सीताराम शास्त्री यांनी नागरीत लिहावे, असे ठरले. १९१६ ते १९२३ पर्यंत हे काम चालले. सीताराम शास्त्रींनी मालकासाठी एक प्रत केली आणि स्वतःसाठी, कोणाला न सांगता, आणखी एक. त्या दुसऱ्या प्रतीवरून आरा, कारंजा, अमरावती आणि अन्य ठिकाणी प्रती पोहोचल्या. दोनदा गुप्तता पाळली गेली, म्हणून गुप्तता संपली.

गजपती आणि लक्ष्मीबाई यांना चोर म्हणावे काय? ज्यांनी ग्रंथ सांभाळले त्यांच्या विश्वासाचा भंग झाला, हे नाकारता येणार नाही. त्यांनी या कामातून द्रव्य मिळविले, हेही खरे. तरीही कसरीने खाल्लेल्या, कडा झडलेल्या ताडपत्रांवर कित्येक महिने नजर खिळवून, पणतीच्या उजेडात म्हणा की दिवसाच्या, एवढा विशाल ग्रंथ उतरवून घेणाऱ्या त्या गृहिणीला प्रस्तुत लेखक मनोमन वंदन करतो. आणि हिराचंदांच्या नकारालाही. ही दोन वंदने एकमेकांशी जुळत नाहीत, याची जाणीव आहे. त्याचप्रमाणे मूडबिद्रीच्या रखवालदारांना दोष देणेही सोपे नाही. आठशे वर्षांत राजवटी बदलल्या, दक्षिणेतील कितीतरी बसद्या ओस पडल्या, पण ही ताडपत्रे टिकली, ती त्यांच्याच कडक बंदोबस्तामुळे. ज्या भीतीने ग्रंथ वाचू दिले नाहीत, तिनेच ते वाचविलेही. फक्त ती भीती कोठे थांबवायची, हे तिला स्वतःला कळत नव्हते.

प्रा. हीरालाल जैन अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक होते. कारंजाच्या भांडारांतील अपभ्रंश ग्रंथ संपादून त्यांनी नाव मिळविले होते. विदिशाच्या श्रीमंत सेठ सीताबराय लक्ष्मीचंद यांच्या दानातून निधी उभा राहिला आणि पंडित फूलचंद्र शास्त्री व पंडित हीरालाल शास्त्री या विद्वानांना बरोबर घेऊन प्राध्यापकांनी धवलेचे संपादन हाती घेतले. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातील डॉ. आ. ने. उपाध्ये यांचेही साहाय्य लाभले. विरोध झालाच. श्रावकांना सिद्धांताचा अधिकार आहे काय, हा जुना प्रश्न पुन्हा उठला आणि प्राध्यापकांनी आपल्या प्रस्तावनांमधून त्याची शास्त्राधारांसह चर्चा केली. १९३९ मध्ये हिंदी अनुवादासह पहिला खंड अमरावतीहून प्रसिद्ध झाला. सोळावा खंड निघाला १९५८ मध्ये. जयधवलेचा पहिला भाग मथुरेहून १९४४ मध्ये, तर महाबंधाचा काशीच्या भारतीय ज्ञानपीठाकडून १९४७ मध्ये आला. धवलेच्या पहिल्या खंडाची सुधारित आवृत्ती पुढे १९७३ मध्ये निघाली, ती हिराचंदांच्याच सोलापुरातून.

आता एका शब्दाची हकिगत सांगून हा लेख आटोपता घेतो. पहिल्या खंडातील ९३ व्या सूत्रात मनुष्यिणींच्या गुणस्थानांचा विचार आहे. संपादकांच्या हाती असलेल्या प्रतींत तेथे ‘संजदासंजद’ हा शब्द होता. पण वीरसेनांच्या टीकेतील चर्चा पाहता त्यापुढे ‘संजद’ हा आणखी एक शब्द असलाच पाहिजे, असे संपादकांना दिसले. एकासारखा दुसरा शब्द लगेच आला की लेखनिकाची नजर घसरते, हे हस्तलिखितांच्या अभ्यासकांना परिचित आहे. तशी टीप त्यांनी दिली. त्यावरून समाजात मोठे वादळ उठले. या शब्दाने स्त्रीमुक्तीचे समर्थन होईल, दिगंबर परंपरेचा पायाच ढासळेल, असे अनेकांना वाटले. सूत्रातील मनुष्यिणी भाववेदाच्या अपेक्षेने आहे, तेव्हा शब्द असला तरी सिद्धांताला बाध येत नाही, असे संपादकीय पक्षाचे विद्वान सांगत होते. पण शब्दाचे भय इतके दाटले होते की अर्थापर्यंत पोहोचायला कोणी तयार नव्हते. सभा झाल्या, पत्रके निघाली, वर्षानुवर्षे लेखण्या झिजल्या.

मूळ प्रत पाहिल्यावाचून हा वाद मिटणार नव्हता. एव्हाना मूडबिद्रीचे मनही पालटले होते. छापलेले खंड तेथे पोहोचले होते, आणि त्यांतून ग्रंथांचा अविनय नव्हे तर गौरवच झाला, हे भट्टारकांनी व पंचांनी पाहिले होते. ताडपत्रांशी पाठ ताडून पाहण्याची अनुमती त्यांनी स्वतः होऊन दिली. सिद्धांत बसदीत वेष्टने सोडली गेली, या वेळी हात जोडून पुन्हा बांधण्यासाठी नव्हे. पंडितांनी ९३ वे सूत्र काढून ओळीवर बोट ठेवून वाचले.

‘संजद’ हा शब्द ताडपत्रावर होता.