फिन्सबरी सेंट्रल
लंडनमधील ब्रिटिश पार्लमेंटचा एक जुना मतदारसंघ (१८८५–१९१८). ‘सिटी ऑफ लंडन’च्या उत्तर सीमेला लागून असलेला क्लार्कनवेल हा त्याचा मुख्य भाग. घड्याळे बनवणाऱ्या कारागिरांची ही वस्ती होती. सॅडलर्स वेल्स हे प्रसिद्ध नाट्यगृहही याच भागातले.

मूळ फिन्सबरी मतदारसंघ १८३२ च्या सुधारणा कायद्याने निर्माण झाला. त्यातून दोन सभासद निवडले जात. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाचे संस्थापक टॉमस वॅक्ली आणि चार्टिस्टांची कैफियत पार्लमेंटात मांडणारे टॉमस डंकम हे इथलेच प्रतिनिधी. जहाल सुधारकांना निवडून देण्याची इथल्या मतदारांची परंपरा जुनी होती, हे १८९२ च्या निवडणुकीकडे पाहताना विसरू नये. १८८५ च्या फेररचनेत या मतदारसंघाचे विभाजन होऊन फिन्सबरी सेंट्रल अस्तित्वात आला. पहिली निवडणूक लिबरल पक्षाचे हॉवर्ड स्पेन्स्ली यांनी जिंकली. १८८६ मध्ये जागा कॉन्झर्व्हेटिव्ह फ्रेडरिक पेंटन यांच्याकडे गेली. मतदारसंघातील पेंटनव्हिल हा भाग त्यांच्याच घराण्याच्या नावाने ओळखला जातो.

या पेंटन यांना जुलै १८९२ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेतील माजी प्राध्यापक दादाभाई नौरोजी यांनी हरवले. शेजारच्या होबर्नमध्ये १८८६ साली ते पडले होते. त्या निकालाविषयी बोलताना पंतप्रधान सॉल्झबरी यांनी १८८८ मध्ये एडिंबरोच्या सभेत त्यांचा उल्लेख ‘काळा माणूस’ असा केला. या उद्गारावर इंग्लंडभर टीका झाली आणि दादाभाईंचे नाव घरोघर पोचले. तरीही लिबरल पक्षाची उमेदवारी त्यांना सुखासुखी मिळाली नाही. रिचर्ड ईव्ह या पक्षातल्याच प्रतिस्पर्ध्याशी त्यांना दीर्घकाळ झगडावे लागले. अखेर दादाभाईंना २,९५९ आणि पेंटन यांना २,९५६ मते पडली. अवघ्या तीन मतांचा हा विजय भारतीय राजकारणाच्या इतिहासातला मोठा टप्पा होय. सभासदत्वाची शपथ त्यांनी अवेस्तावर हात ठेवून घेतली. सनदी सेवेच्या परीक्षा इंग्लंडबरोबरच भारतातही एकाच वेळी घ्याव्यात, हा ठराव जून १८९३ मध्ये कॉमन्स सभेत संमत झाला, त्यामागे त्यांचीच खटपट होती. सरकारने मात्र तो अमलात आणला नाही.

१८९५ मध्ये दादाभाई पराभूत झाले. त्यानंतर मॅसी-मेनवेअरिंग, स्टेडमन आणि आर्चर-शी असे तीन प्रतिनिधी झाले. १९१८ च्या फेररचनेत फिन्सबरीचा पुन्हा एकच मतदारसंघ झाला. १९७४ पासून हा भाग आयलिंग्टन साउथ अँड फिन्सबरी मतदारसंघात मोडतो. या परिसरातील एका रस्त्याला नौरोजी यांचे नाव दिलेले आहे.