नेमबाजीसाठी पिस्तूल घ्यायचंय? पाच हजाराचं की दोन लाखाचं, पैसे देण्याआधी हे वाचा

भातकुली : पॅरिस ऑलिम्पिकनंतर खेड्यापाड्यातल्या पोरापोरींमध्ये नेमबाजीची हौस वाढली आहे. २०२४ मध्ये मनू भाकरने १० मीटर एअर पिस्तुलात कांस्यपदक घेतलं, मग सरबजोत सिंगसोबत मिश्र दुहेरीत दुसरं. त्याच स्पर्धेत राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवलं. टीव्हीवर पदक दिसलं की घरात प्रश्न येतो : बाबा, मलाही पिस्तूल घेऊन द्या.

मोबाइलवर शोधलं तर एक पिस्तूल पाच-सात हजारांत दिसतं आणि दुसरं दीड-दोन लाखांत. दिसायला दोन्ही पिस्तुलंच. मग फरक कशाचा?

भातकुलीच्या खारपाणपट्ट्यातल्या शेतकऱ्याला हा हिशेब कापसात मांडला की लवकर समजतो. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. दोन लाखांचं पिस्तूल म्हणजे जवळपास २७ क्विंटल कापूस. कोरडवाहूत एकरी पाच-सहा क्विंटल धरले तर पाच एकरांचा सगळा कापूस, तोही बियाणं, फवारणी आणि वेचाईचा खर्च न काढता. एवढा पैसा एका वस्तूत घालायचा तर ती वस्तू आतून माहीत पाहिजे.

आधी खेळ समजून घ्या

इथे बोलणं फक्त एअर पिस्तुलाचं आहे. यात बारूद नसते, दाबलेल्या हवेवर ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छर्रा सुटतो. खेळाडू उभा राहून एकाच हाताने, १० मीटरवरून कागदी किंवा इलेक्ट्रॉनिक लक्ष्यावर ६० छर्रे मारतो. प्रत्येकी १० गुण, एकूण ६००. नियमानुसार पिस्तुलाचं वजन दीड किलोपेक्षा जास्त चालत नाही आणि ट्रिगर म्हणजे घोडा किमान ५०० ग्रॅम वजन पेलणारा हवा.

लक्ष्यावरचं दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटर व्यासाचं असतं. छर्रा त्या रेषेला नुसता चाटून गेला तरी १० गुण मिळतात. त्यामुळे छर्र्याचा मध्य केंद्रापासून ८ मिलिमीटरच्या आत पडला की दहा. पुढचं प्रत्येक वर्तुळ आणखी ८ मिलिमीटर बाहेर : १६ पर्यंत नऊ, २४ पर्यंत आठ. हे आकडे लक्षात ठेवा, खरेदीचा निर्णय यांच्यावरच होतो.

स्वस्तातलं पिस्तूल : स्प्रिंगचं

पाच-दहा हजारांच्या आतली बहुतेक पिस्तुलं स्प्रिंगची असतात. दर वेळी नळी किंवा दांडा जोर लावून मोडायचा, स्प्रिंग दबते, ट्रिगर ओढला की स्प्रिंग सुटते आणि पिस्टन हवा ढकलतो. अडचण तिथेच आहे. छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आधीच आतला जड पिस्टन धावायला लागतो, त्यामुळे पिस्तूल हातात मागे-पुढे झटकतं. पकड थोडी बदलली की छर्रा दुसरीकडे. ट्रिगर कडक असतो, ओढता ओढता हात हलतो. मूठ सगळ्यांसाठी एकाच मापाची, बारीक हाताच्या मुलीला तर ती धरवतच नाही.

तरी ते टाकाऊ नाही. पुढच्या आणि मागच्या साइटची रेघ जुळवणं, श्वास धरणं, ट्रिगर हळू दाबणं यावर शिकता येतं. दुरुस्ती सोपी, हवा भरायची कटकट नाही. पण स्पर्धेचं पिस्तूल म्हणून ते घेऊ नये. आणि अशी दोन-तीन स्वस्त पिस्तुलं एकामागून एक घेत बसणं तर सगळ्यात महाग पडतं.

महागातलं : पैसे कशाचे जातात

ऑस्ट्रियाचं स्टायर, स्वित्झर्लंडचं मोरिनी, जर्मनीची वाल्थर आणि फाइनवर्कबाऊ, इटलीचं पार्दिनी ही नावं मोठ्या स्पर्धांत दिसतात. यांच्या नळीखाली हवेचं सिलिंडर असतं. त्यात साधारण २०० बार दाबाने हवा भरतात आणि एका भरण्यात दीडशेच्या आसपास छर्रे सहज निघतात. आत रेग्युलेटर असतो. सिलिंडर भरलेलं असो की निम्मं, तो प्रत्येक छर्र्यामागे सारखीच हवा सोडतो. महागड्या पिस्तुलाचा मोठा गुण हाच : पहिला आणि साठावा छर्रा एकाच वेगाने जातो.

दुसरा पैसा ट्रिगरचा. तो ५०० ग्रॅमच्या अगदी जवळ आणता येतो, पुढे-मागे सरकवता येतो. तिसरा मुठीचा : लाकडी मूठ लहान, मध्यम, मोठ्या मापात मिळते, डावखुऱ्यांसाठी वेगळी, आणि कानशीने घासून हाताच्या साच्यात बसवता येते. जाणकार नेमबाज मुठीवर महिने घालवतात. चौथं म्हणजे हवा न सोडता नुसता ट्रिगर ओढून सराव करायची सोय. बाकी चकाकी, रंग, डबा, हे सगळं वरचं.

या दोन टोकांच्या मध्ये एक पायरी आहे आणि दुकानदार तिच्याबद्दल फारसं बोलत नाहीत. सिलिंडरवरचीच, पण कमी सोयींची, नवख्यांसाठी बनवलेली पिस्तुलं असतात. हॅमरलीचं एपी-२० हे त्यातलं. किंमत वरच्या मॉडेलच्या निम्म्याच्या आसपास, वजन एक किलोच्या आत, त्यामुळे शाळकरी हाताला पेलतं. जिल्हा आणि राज्य पातळीपर्यंत यावर काही अडत नाही.

दोष पिस्तुलाचा की हाताचा? नाण्याने तपासा

नवखा नेमबाज सरासरी आठ गुण मारतो तेव्हा ६०० पैकी ४८० होतात. म्हणजे त्याचे छर्रे केंद्रापासून २०-२५ मिलिमीटरवर फिरतात. पिस्तुलाचा स्वतःचा फैलाव ८ मिलिमीटरच्या आत असेल तर ते एकटं एकही गुण कापत नाही, बाकीचं हाताचं आहे. दोन्ही चुका एकमेकांत मिसळतात हे खरं, पण मोठी कोणती ते आकड्यावरूनच दिसतं. अशा वेळी दोन लाखांचं पिस्तूल दिलं तरी ४८० चे ५५० होत नाहीत.

तपासणी घरच्या घरी होते. टेबलावर वाळूची पिशवी ठेवा, पिस्तूल तिच्यावर टेकवा आणि १० मीटरवर एकाच ठिकाणी पाच छर्रे मारा. पाचही भोकं एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली गेली तर पिस्तुलाला दोष देऊ नका. नाण्याबाहेर गेली तर आधी छर्रे बदलून पाहा. एकाच पिस्तुलातून वेगळ्या कंपनीचे छर्रे वेगळे पडतात, आणि पाच-सातशेच्या डब्याने जो फरक पडतो तो कधी कधी नवं पिस्तूल घेऊनही पडत नाही. छर्रे बदलूनही जमेना, तर मग पिस्तूल बदलायचा विचार करा.

सरासरी नऊच्या पुढे, म्हणजे ५४० च्या वर सातत्याने जायला लागल्यावर मात्र चित्र पालटतं. तिथे दोन-तीन गुणांवर निवड होते आणि ट्रिगर, मूठ, रेग्युलेटर यांचा पैसा वसूल व्हायला लागतो. ५६० मारणाऱ्या पोरीला स्प्रिंगच्या पिस्तुलावर अडकवून ठेवणं हाही अन्यायच.

महाग म्हणजे बिघडतच नाही, असंही नाही. टोकियो ऑलिम्पिकमध्ये २५ जुलै २०२१ ला पात्रता फेरी चालू असताना मनू भाकरच्या पिस्तुलात बिघाड झाला. दुरुस्तीत १५ मिनिटांहून जास्त वेळ गेला, उरलेल्या वेळात घाईने छर्रे मारावे लागले. ५७५ गुण झाले, बारावा क्रमांक आला आणि अंतिम फेरी थोडक्यात हुकली. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये याच प्रकारात तिला पदक मिळालं. खेड्यात राहणाऱ्याने यातून एक गोष्ट बघावी : दुरुस्ती कुठे होते? इलेक्ट्रॉनिक ट्रिगर मऊ चालतो, पण त्याला बॅटरी लागते आणि सर्किट गेलं तर गावात काय, जिल्ह्यातही मिस्त्री मिळणं कठीण. पहिलं पिस्तूल साध्या मेकॅनिकल ट्रिगरचंच बरं.

हवा कुठून भरायची

हा प्रश्न विकत घेतल्यावर पडतो, खरं तर आधी पडायला हवा. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर ८-१० बारचा असतो, इथे २०० लागतात. त्यासाठी खास हातपंप किंवा मोठं डायव्हिंग सिलिंडर घ्यावं लागतं, तो खर्च वेगळा. ऑक्सिजन सिलिंडरची हवा कधीही भरू नये. तेलाच्या अंशासोबत दाबातला ऑक्सिजन पेट घेतो, स्फोट होऊ शकतो. वऱ्हाडातल्या एप्रिल-मेच्या उन्हात भरलेलं सिलिंडर गाडीच्या डिकीत किंवा टिनाच्या खोलीत ठेवू नये.

जुनं पिस्तूल घेताना सिलिंडरवर कोरलेली तारीख पहिली बघा. उत्पादक साधारण दहा वर्षांची मुदत देतात, मुदत संपलेलं सिलिंडर स्पर्धेत चालत नाही. नवं सिलिंडर घ्यायचं तर जुन्याच्या भावातली स्वस्ताई तिथेच जिरते. मग दाब बघून रात्रभर ठेवा, सकाळी काटा खाली आला असेल तर सील गळतंय. ५०० ग्रॅमचं वजन ट्रिगरला लटकवून पिस्तूल उचला, ट्रिगर सुटला तर तपासणीत बाद होईल. बिल आणि पिस्तुलावरचा क्रमांक जुळला नाही तर सौदा तिथेच सोडा.

विकत घेण्याआधी

पहिलं पिस्तूल स्वतःचंच पाहिजे असं नाही. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकणारी कोल्हापूरची राही सरनोबत शाळेच्या एनसीसीतून बंदुकीकडे वळली. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. स्वप्नील कुसाळेही शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून घडला. शालेय क्रीडा स्पर्धांत एअर पिस्तूल प्रकार असतो, त्याची चौकशी शाळेच्या क्रीडाशिक्षकाकडे आणि अमरावतीच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात करावी. क्लबमध्ये बहुधा क्लबचंच पिस्तूल वापरायला मिळतं. वरची वाट जिल्हा, राज्य आणि पुढे राष्ट्रीय अशी जाते. राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ मध्ये लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळणकर यांच्या पुढाकाराने उभी राहिली, त्यांच्या नावाची स्पर्धा आजही या वाटेवरची मोठी पायरी आहे.

छर्र्यांचा खर्चही आधीच धरा. डब्यात ५०० असतात, रोज ८० मारले तर आठवडाभरही पुरत नाहीत. मात्र निम्मा सराव छर्र्याविना होतो. भिंतीवर ठिपका काढून रिकामं पिस्तूल धरायचं, नसेल तर पाण्याची लिटरची बाटली हात लांब करून धरायची. खांदा तयार व्हायला सहा महिने लागतात आणि त्याला रुपया लागत नाही.

कायदा

४.५ मिलिमीटरच्या आणि २० ज्यूलपेक्षा कमी ताकदीच्या एअर पिस्तुलाला शस्त्र परवाना लागत नाही, दुकानदार ओळखपत्र मागतो. स्पर्धेच्या पिस्तुलाची ताकद सहा ज्यूलच्या आसपास असते, त्यामुळे शेतातल्या रानडुकरावर किंवा रोह्यावर ते चालेल हा समज काढून टाकावा. जनावर मरत नाही, जखमी होतं आणि वन्यजीव कायद्याचा गुन्हा अंगावर येतो. देशी कट्ट्याचा तर इथे विषयच नाही, तो जवळ बाळगणं हाच गुन्हा.

डोळ्याला मात्र सहा ज्यूलही पुरेसे आहेत. सराव करताना चष्मा घाला, लक्ष्यामागे छर्रा अडवणारी पेटी ठेवा, नुसत्या दगडी भिंतीवरून छर्रा उलटतो. मधून कोणी ये-जा करणार नाही अशीच जागा निवडा. छर्रे शिशाचे असतात, सरावानंतर हात धुतल्याशिवाय जेवू नये. आणि एसटीने स्पर्धेला जाताना पिस्तूल रिकामं, कुलूपबंद पेटीत, बिल आणि शाळेचं पत्र सोबत. लांबून ते खऱ्या पिस्तुलासारखंच दिसतं, बसस्टँडवर बॅगेतून बाहेर काढून कोणाला दाखवू नये.