पाणी ओतणारी पोरगी

परवा रात्री वीज गेली आणि आमच्या माशांच्या टाकीतला पंप बंद पडला. तासाभराने मासे वर येऊन तोंडं उघडमीट करायला लागले. मग मी तांब्या घेऊन बसलो. पाणी काढायचं, उंचावरून परत ओतायचं. वीस मिनिटांत खांदा भरून आला आणि एकदम ॲना थिन बाईंची आठवण झाली. हसू नका, खरंच झाली!

या बाई १८४६ साली इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर टॉर्कीला गेल्या होत्या. नवरा लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत मोठ्या हुद्द्यावरचा पाद्री. टॉर्कीला त्यांना एक दगडी प्रवाळ भेटलं. प्रवाळ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हजारो जीवांची वसाहत येते. हे तसलं नव्हे, हे एकांडं. एक जीव आणि त्याची स्वतःची चुनखडीची वाटी, बोटाच्या पेराएवढी. फुललं की काठाभोवती पारदर्शक सोंडा, प्रत्येक सोंडेच्या टोकाला बारीक गाठ. धक्का लागला की सगळं वाटीत गुडुप. उथळ, उबदार समुद्रातल्या बऱ्याच प्रवाळांना अंगातलं शेवाळ पोसतं. याच्या अंगात ते नसतं, त्यामुळे पाळायचं तर घास भरवावा लागतो.

बाईंनी काय करावं? प्रवाळं सुईदोऱ्याने स्पंजावर टाचली, म्हणजे प्रवासात आपटायला नकोत, आणि बरणीतून लंडनला आणली. आता प्रश्न पाण्याचा. समुद्र लांब, आणि तेच तेच पाणी वापरलं तर जीव गुदमरणार. पंप नव्हता, वीज तर नव्हतीच. तेव्हा उपाय असा निघाला, की उघड्या खिडकीपाशी उभं राहून पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत राहायचं. अर्धा-पाऊण तास. हे काम घरातल्या एका लहान मोलकरणीकडे आलं. काम दमवणारं होतं हे बाई स्वतःच कबूल करतात, पण पोरीला त्यात गंमत वाटायची असंही लिहितात.

पुढच्या वर्षी, १८४७ मध्ये, भांड्यात समुद्री वनस्पती सोडल्या. त्या पाण्यात प्राणवायू सोडत. प्रवाळं नुसती जगली नाहीत, त्यांना पिल्लंही झाली. त्या वाढीवरचा बाईंचा लेख १८५९ मध्ये छापून आला, फिलिप गॉस यांच्या टिपणांसह. हे गॉस म्हणजे १८५४ च्या पुस्तकाने ‘ॲक्वेरियम’ हा शब्द घरोघरी नेणारे गृहस्थ. मत्स्यालयांच्या इतिहासात पहिला मान त्यांचा. थिन बाईंचं नाव फार उशिरा पुढे आलं.

आणि ती पोरगी? लेखात तिचं नाव नाही.

आमच्याकडे वीज पहाटे तीनला आली. मासे वाचले. खांदा मात्र दोन दिवस दुखत होता, आणि गंमत म्हणाल तर मला काही वाटली नाही बुवा.