बार्शी लाईटच्या वाघिणी

इंग्रजी ‘वॅगन’ शब्दाची मराठी बोलणाऱ्यांनीं ‘वाघीण’ केली आणि मालाच्या लोखंडी डब्यास एकाएकीं जीव आला. अशी एखादी वाघीण स्टेशनाच्या टोकाला, गवतांत बुडालेल्या सायडिंगवर गंजत उभी दिसली म्हणजे पाहणारा म्हणतो, हिचें वय झालें. पुष्कळदां तें खरेंहि असतें. बार्शी लाईटच्या वाघिणींची हकीकत मात्र निराळी आहे. त्यांना वयापेक्षां रुळांच्या मापानेंच बाजूस सारलें.

बार्शी ही कापसाची नांवाजलेली पेठ; परंतु मुंबईहून मद्रासकडे जाणारा लोहमार्ग तिला टाळून कुर्डुवाडीवरून गेला. तेथपर्यंत माल न्यावयाचा तो बैलगाडीनें. ही अडचण एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनियरानें हेरली. हे गृहस्थ १८८२ सालीं जी. आय. पी. रेल्वेच्या नोकरींत हिंदुस्थानांत आले होते. (वैमानिकांसाठीं हवाई छत्री तयार करणारे कॅलथ्रॉप ते हेच.) साडेपांच फुटी मार्गाचा खर्च अशा लहान फाट्यास झेपणारा नव्हता. म्हणून १८९७ सालीं कुर्डुवाडी ते बार्शी हा सुमारें २१ मैलांचा मार्ग अडीच फुटी झाला.

कॅलथ्रॉप यांचें खरें चातुर्य वाघिणींत होतें. कोणत्याहि आंसावर पांच टनांहून अधिक भार पडूं द्यावयाचा नाहीं, हा त्यांचा नियम. इंजिन असो, उतारूंचा डबा असो कीं वाघीण असो, नियम एकच. त्यामुळें यार्डाला ३० रत्तल वजनाचे हलके रूळ पुरले. परंतु भार कमी म्हणून माल कमी, असें त्यांनीं होऊं दिलें नाहीं. दाबून घडविलेल्या पोलादी पत्र्याची लांब वाघीण आठ चाकांवर ठेवली कीं चार आंसांवर मिळून वीस टन पेलतात. आणि वाघिणीचें स्वतःचें वजन जितकें कमी, तितका मालाचा वाटा अधिक.

पुढें मार्ग १९०६ सालीं पंढरपुरास, १९११ सालीं लातुरास आणि १९२७ सालीं मिरजेस पोहोंचला. यात्रेच्या दिवसांत उतारूंचे डबे पुरत नसत. मग वारकऱ्यांस याच वाघिणींत बसवीत. ही सोय म्हणावी कीं हाल, हें ज्यानें त्यानें ठरवावें!

पण वाघिणीस स्वतःच्या रुळांबाहेर पाऊल टाकतां येईना. कुर्डुवाडीस साडेपांच फुटी रूळ, मिरजेस मीटरचे. लातूरचें पोतें मुंबईस जावयाचें तर कुर्डुवाडीस हमालाच्या पाठीवरून दुसऱ्या वाघिणींत चढे. त्यांत वेळ जाई, मजुरी जाई, मालाची नासधूसहि होई. हमालांचीं घरें मात्र त्यावर चालत. १९५४ सालीं सरकारनें ही रेल्वे विकत घेतली, तरी हा उलटापालटीचा खर्च टळला नाहीं. आणि घरापासून घरापर्यंत जाणाऱ्या मोटार-लॉरीपुढें तोच जड झाला.

२००१ सालीं कुर्डुवाडी-पंढरपूर मार्ग रुंद झाला. त्यानंतरच्या दहा वर्षांत लातूर व मिरज यांकडील मार्गहि रुंद झाले. रुळांबरोबर अडीच फुटी वाघिणींचें कामहि संपलें. ज्या कुर्डुवाडीच्या कारखान्यांत त्यांची दुरुस्ती होई, तेथें त्यानंतर रुंद मार्गाच्या वाघिणी दुरुस्तीस येऊं लागल्या.