आवड आपली, मोठेपण त्यांचे

चार माणसे पारावर जमली आणि गाण्याचा विषय निघाला, की दोन तऱ्हेचे लोक हटकून भेटतात. एक म्हणतो, "आपल्याला बुवा शास्त्रीय गाण्यातलं काही कळत नाही." दुसरा म्हणतो, "अमक्यापुढे तमका म्हणजे काहीच नाही!" पहिला आपले मत सांगायला लाजतो, दुसरा ते कोर्टाच्या निकालासारखे सांगतो. वाचकहो, दोघांची गफलत मात्र एकच. गाणे आपल्याला आवडणे ही एक गोष्ट आणि गवई मोठा असणे ही दुसरी. हे दोघे त्या दोहोंची गल्लत करतात. आपल्याच मुलखातील दोन थोर गवयांच्या उदाहरणाने हा फरक आज आपण पाहू.

दोघेही खाँसाहेब, दोघेही उत्तरेतून आलेले आणि दोघांनीही दक्षिण महाराष्ट्र आपला मानला. अल्लादियाखाँ (1855–1946) राजस्थानातील उणियाऱ्याचे. शाहू महाराजांच्या आश्रयाने ते कोल्हापुरास राहिले आणि 1922 साली महाराज निवर्तल्यावर मुंबईस गेले. अब्दुल करीमखाँ (1872–1937) कैरान्याचे. त्या गावावरून त्यांच्या घराण्याला किराणा घराणे म्हणतात. ते मिरजेस स्थायिक झाले. त्यांची कबरही तिथेच, मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात आहे.

दोघांच्या गाण्याची तऱ्हा मात्र अगदी निराळी. अब्दुल करीमखाँ एकेक सूर सावकाश लावायचे. शेतकरी पाटाचे पाणी हळूहळू वाफ्यात सोडतो ना, तसा त्यांचा राग पसरायचा. घाई नाही, आदळआपट नाही. अल्लादियाखाँसाहेबांचे तसे नव्हते. ऐन उमेदीत, आमलेटा संस्थानात असताना, अतोनात गाण्याने त्यांचा आवाज बसला. पुढे तो आला, पण पहिल्यासारखा नाही. दुसरा एखादा गवई खचला असता. यांनी मात्र उरलेल्या आवाजाला शोभेल अशी नवी गायकीच घडविली. तालाच्या अंगाने जाणारी, पेचदार, एका तानेतून दुसरी तान उलगडत नेणारी अशी ती गायकी होती. तीत अनवट आणि जोड रागांचा भरणा असे. ऐकणाऱ्याला तिथे जागे राहावे लागते. गोफ विणताना पाहावा आणि कोणती दोरी कुठून आली हे शोधीत राहावे, तशातला तो प्रकार.

आता तुम्ही विचाराल, मग लोकांना कोण अधिक आवडले? इथे एक यंत्र मध्ये येते. त्या काळच्या ग्रामोफोनच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांत संपत असे. तासाभराचा ख्याल तीन मिनिटांत सांगावयाचा, म्हणजे पहिल्याच सुराने मन धरले पाहिजे. अब्दुल करीमखाँसाहेबांच्या सुराला हे साधले. त्यांच्या तबकड्या बाजारपेठेतल्या दुकानांपर्यंत आणि हॉटेलांपर्यंत पोचल्या. अल्लादियाखाँसाहेबांच्या गायकीला ऐसपैस मैफल लागे. त्यांचा आवाज तर एकाही तबकडीवर मागे राहिला नाही. म्हणून एकाचे नाव घरोघरी झाले आणि दुसऱ्याचे जाणकारांपुरते राहिले. यात लोकांच्या आवडीचा भाग होता तसा तबकडीच्या लांबीचाही होता, हे विसरू नये. जे आपल्या कानांवर पडलेच नाही, ते कमी प्रतीचे ठरविण्याचा अधिकार आपल्याला कसा पोचतो?

आणि तरीही त्या तीन मिनिटांनी काय केले पाहा. गदगचा एक शाळकरी मुलगा. अब्दुल करीमखाँसाहेबांची झिंझोटीतील ठुमरी तबकडीवरून त्याच्या कानी आली आणि 'असे गायला यायला हवे' या एकाच ध्यासाने 1933 साली, वयाच्या अकराव्या वर्षी, त्याने घर सोडले. पुढे कुंदगोळला सवाई गंधर्वांपाशी तो शिकला. हेच भीमसेन जोशी. 2008 साली त्यांना भारतरत्न जाहीर झाले. त्या मुलाला घराणे समजावून सांगायला कोणी बसले नव्हते. तेव्हा "आम्हांला कळत नाही" म्हणून कोणी लाजू नये. आवडणे हा ज्ञानाचा पहिला दरवाजा आहे.

पण तो पहिलाच दरवाजा, बरे का! भीमसेनांच्याच धारवाड मुलखातले मल्लिकार्जुन मन्सूर पहा. मिरजेच्या नीळकंठबुवांकडे ग्वाल्हेरची तालीम घेतल्यावर ते अल्लादियाखाँसाहेबांच्या मुलांकडे, मंजीखाँ आणि भुर्जीखाँ यांच्याकडे, नव्याने शिकले. गोव्याच्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांनी खुद्द खाँसाहेबांपाशी विद्या घेतली. 1977 साली अमेरिकेने व्हॉयेजर ही दोन याने अंतराळात सोडली. त्यांतल्या ध्वनिमुद्रिकेवर केसरबाईंची भैरवी आहे. ज्या गुरूचा आवाज कोणत्याही तबकडीवर नाही, त्याच्या शिष्येचा सूर सूर्यमालेच्या पलीकडे निघाला आहे!

खऱ्या मोठ्या कलावंतांनी आपल्या आवडीचे कुंपण घातले नाही. भास्करबुवा बखले (1869–1922) यांनी ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर या तिन्ही वाटांची विद्या घेतली आणि बालगंधर्वांसारखा शिष्य तयार केला.

आवडीवर हुकूमही चालत नाही, हे आकाशवाणीच्याच इतिहासात दिसते. 1 मार्च 1940 पासून रेडिओवर हार्मोनियमला बंदी झाली. देवळांतले भजन आणि नाटकातले पद काही त्यामुळे पेटीवाचून राहिले नाही. पुढे 1971 च्या सुमारास ही बंदी सैल झाली. 1952 नंतर चित्रपटगीतांना आवर घातला गेला, तर श्रोत्यांनी काटा फिरवून सिलोन लावले. अखेर 3 ऑक्टोबर 1957 ला विविध भारती सुरू झाली. मात्र त्याच 1952 साली संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रमही सुरू झाला आणि ज्याला मैफलीचे तिकीट परवडत नव्हते त्याच्या ओसरीवर मोठमोठे गवई येऊन बसले. हुकमाने आवड बदलत नाही. ऐकण्याची सोय झाली म्हणजे ती वाढते.

मला स्वतःला विचाराल, तर दिवसभराचा शीण घालवायला मी अब्दुल करीमखाँसाहेबांचा सूर जवळ करीन. पण बुद्धीला खाद्य हवे असेल तेव्हा मल्लिकार्जुन मन्सूरांचा एखादा जोडराग लावीन. एक आवडतो म्हणून दुसरा लहान होत नाही. भाकरी आवडते म्हणून कोणी आंब्याला नावे ठेवतो का?

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. वर्गात एखादे गाणे लावा, पण "आवडले का?" हा प्रश्न लगेच विचारू नका. तेच गाणे तीन वेळा, तीन दिवस ऐकवा. पहिल्या दिवशी विचारा, "कोणकोणती वाद्ये ऐकलीत?" दुसऱ्या दिवशी, "समेवर हात कुठे पडला?" आणि तिसऱ्या दिवशी, "आवडले का, आणि का?" कोणी "नाही" म्हटले तरी रागावू नका. ज्याने तीनदा ऐकून "नाही" म्हटले, त्याच्या नकाराला किंमत आहे. न ऐकता मारलेल्या वाहवेपेक्षा ती नक्कीच अधिक.