टिळकवाडी : रस्त्यांच्या नावांतील इतिहास



बेळगावचा इतिहास म्हटला की किल्ला आणि त्यातील कमल बसदी यांपासून आरंभ करण्याचा प्रघात आहे. आज मी त्या मानाने धाकटा विषय घेतला आहे : टिळकवाडी या उपनगरातील रस्ते, पेठा आणि रोजच्या खुणा. आपण नित्य उच्चारतो ती स्थलनामे हीसुद्धा इतिहासाची साधनेच होत. दुर्दैव इतकेच की, ताम्रपट जपला जातो, पण गल्लीचे नाव कोणी जपत नाही.

प्रथम वस्तीचेच नाव घेऊ. जुने नाव ठळकवाडी. ‘ठळकवाडी हायस्कूल’ने ते अद्याप राखले आहे. लोकमान्यांच्या आदरापोटी ठळकवाडीची टिळकवाडी झाली. या आदराला कारण होते. १९१६ च्या एप्रिलमध्ये टिळकांनी आपल्या होमरूल लीगची स्थापना केली ती बेळगावातच. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार अशा वारांच्या पेठाही येथे आहेत. पुण्याचा संस्कार त्यांत उघड दिसतो.

आता आगरकर रोडकडे वळा. टिळक व आगरकर यांनी न्यू इंग्लिश स्कूलमध्ये एकत्र अध्यापन केले. १८८१ मध्ये ‘केसरी’ निघाला तेव्हा आगरकर त्याचे पहिले संपादक झाले. आधी सामाजिक सुधारणा की आधी राजकीय स्वातंत्र्य, या वादात मैत्री दुभंगली. आगरकरांनी ‘केसरी’ सोडला आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. पुण्यात दुरावलेले हे दोन मित्र येथे एकाच वस्तीत नांदतात. नेहरू रोड आणि सावरकर रोडही याच उपनगरात आहेत. नावे देणाऱ्या पिढीला मतभेद म्हणजे हद्दपारी असे वाटत नव्हते, हे यातून मला जाणवते.

काँग्रेस रोड आणि काँग्रेस विहीर या खुणांमागे १९२४ चे अधिवेशन उभे आहे. महात्मा गांधी काँग्रेसच्या अध्यक्षपदी विराजमान झाले ते एकदाच, बेळगावच्या या एकोणचाळिसाव्या अधिवेशनात. टिळकांचे अनुयायी व पुढे गांधीजींचे सहकारी झालेले गंगाधरराव देशपांडे हे त्याचे सूत्रधार. अधिवेशननगरीला ‘विजयनगर’ हे नाव दिले होते आणि पाण्याची सोय व्हावी म्हणून खोदलेल्या विहिरीस ‘पंपा सरोवर’ म्हणत. पुढे थोर गायिका म्हणून गाजलेल्या गंगूबाई हनगल यांनी येथे बालवयात स्वागतगीत गायिले. मंडप उठला, तंबू गेले. विहीर मात्र राहिली, आणि तिच्यामुळे ती घटना लोकांच्या तोंडी राहिली.

थोरांच्या नावांइतकीच कामाची नावेही बोलकी असतात. रेल्वेमार्गाने ही वस्ती छेदली आणि पहिले, दुसरे, तिसरे गेट ही येथली पत्त्याची परिभाषा झाली. तिसऱ्या गेटावर आता उड्डाणपूल आहे, तरी रिक्षावाल्याला ‘तिसरे गेट’ म्हटले की पुरे. व्हॅक्सिन डेपोचेही तेच. ब्रिटिश अमदानीत तेथे देवीची लस तयार होई. १९८० मध्ये जगातून देवीच्या निर्मूलनाची घोषणा झाली. रोग गेला, नाव उरले.

आपल्या सीमाभागात नावाचा प्रश्न नाजूक आहे. १९४६ च्या बेळगाव साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राची मागणी झाली. १९५६ मध्ये बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. २०१४ मध्ये शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले. मराठी पाटी दिसेनाशी होते तेव्हा मनाला लागते, हे मी लपवीत नाही. पण शेजारच्या हिंदवाडीतील गुरुदेव रानडे मंदिरही मला दिसते. महाराष्ट्रातील संतांवर आणि कन्नड संतवाङ्मयावर सारख्याच आत्मीयतेने ग्रंथ लिहिणाऱ्या तत्त्वज्ञाचे ते स्मारक आहे. भाषेचा अभिमान आणि शेजाऱ्याच्या भाषेचे प्रेम यांत विरोध मानण्याचे कारण नाही.

पाटी शासन लावते. नाव मात्र बोलणाऱ्याच्या जिभेवर टिकते. म्हणून या शाळेला माझी एक विनंती आहे. नववीच्या मुलांना आपापल्या गल्लीतील वृद्धांकडे पाठवावे. रस्ता, विहीर, झाड, चौक यांची जुनी नावे, मराठी व कन्नड दोन्ही, त्यांनी एका वहीत उतरवून घ्यावीत आणि ती वही ग्रंथालयात ठेवावी. सांगणारी पिढी झपाट्याने विरळ होत आहे. हे काम पुढल्या वर्षावर टाकू नये.