एक टपाल, दोन घरं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मंडळी, आमच्या कुंडलला निरोपाचं मोल नव्यानं सांगावं लागत नाही. 1943 ते 1946 या काळात क्रांतिसिंह नाना पाटील आणि आमच्या गावचे जी. डी. बापू लाड यांच्या प्रतिसरकारात भूमिगतांचा मुक्काम सारखा बदलायचा. निरोप घराला नव्हे, माणसाला गाठायचा. माणूस असेल तिथं पत्र पोचावं, ही गरज ई-मेललाही होतीच. ती भागायला मात्र वेळ लागला.

1971 साली अमेरिकेत रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्यावर पत्र धाडलं. गंमत म्हणजे दोन्ही यंत्रं शेजारी शेजारीच होती. पुढं टेबलाटेबलावर संगणक आले आणि प्रश्न पडला, पत्र राहणार कुठं? 1984 साली आखलेल्या ‘पॉप’ पद्धतीचं उत्तर सरळ होतं. टपाल कचेरीतली थैली उचलून घरी आणायची, कचेरीतला कप्पा रिकामा. सर्व्हरवर जागा थोडी आणि फोनचं बिल मिनिटांवर, तेव्हा ते शहाणपणाचंच होतं. 1986 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क क्रिस्पिन यांनी ‘आयमॅप’ रचली. तिच्यात पत्रं कचेरीतच राहतात. कुठल्याही यंत्रावरून वाचा, वाचल्याची खूण तिथंच उमटते.

आपल्याकडं 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमनं इंटरनेट सर्वांना खुलं केलं. पुढच्याच वर्षी सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांच्या हॉटमेलनं कुठल्याही संगणकावरून पत्र वाचायची सोय केली.

मी मात्र ‘पॉप’वरच होतो. 2005 साली थोरले भाईजान कुवेतला होते. रोमन अक्षरांत मराठी लिहायचे : विहिरीला पाणी किती, अम्मीचा गुडघा कसा आहे. त्याच वर्षी ते तिकडंच वारले. पुढं मी लॅपटॉप घेतला, तेच खातं उघडलं, तर पेटी रिकामी! पत्रं टेबलावरच्या संगणकात आहेत, म्हणून निर्धास्त राहिलो. एका पावसाळ्यात वीज कडाडली आणि ते यंत्र बसलं. डिस्क काही उघडली नाही. ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ या ओळीपुढच्या चौकोनात मी कधी खूणच केली नव्हती. दोष कुणाला देणार?

ऑक्टोबर 2007 मध्ये जीमेलनं ‘आयमॅप’ फुकट दिली, तेव्हा मी तिकडं वळलो. आता दोन्हीकडं एकच टपाल दिसतं. पण एक ध्यानात ठेवा. इथं एका यंत्रावर पुसलेलं पत्र दुसऱ्यावरूनही जातं. म्हणून जिवाभावाच्या पत्राची वेगळी प्रत हवीच.

भाईजानचं एक पत्र तेवढं वाचलं. अम्मीला वाचून दाखवायला ते मी छापून आणलं होतं. तिला वाचता येत नव्हतं, तरी कागद मागून घेतला आणि घडी करून ट्रंकेत ठेवला. तो अजून तिथंच आहे.